जुनी सॅव्हेज ९९ घ्यावी का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तू पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात राहतोस, ग्रीन कार्ड आहे, गेले दोन हंगाम मित्राची बोल्ट अ‍ॅक्शन (मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची रायफल) मागून हरणाच्या शिकारीला जातोयस. शेजारचे आजोबा वारले आणि आजींनी त्यांची लिव्हर अ‍ॅक्शन (चापाखालची तरफ ओढून काडतूस भरायची) रायफल विकायला काढली आहे. सॅव्हेज मॉडेल ९९, काडतूस .३०० सॅव्हेज, नळीवर चिकोपी फॉल्सचा पत्ता, वर विव्हर कंपनीचा जुना स्कोप (नेमाची दुर्बीण). मागणी ९५० डॉलर. दस्त्यावर, टँगच्या (दस्त्यात शिरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) मागे, केसाएवढी रेघ फोटोत दिसते. तेवढ्या पैशात नवी बोल्ट अ‍ॅक्शन स्कोपसकट येते आणि तुला एकच रायफल परवडणार आहे. "काका, घेऊ का?" असं तू विचारलंस.

जंगलातच फिरणार असशील, गोळी दोनशे यार्डांच्या आत झाडणार असशील, तर घे. पण चेंबर (झाडताना काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आणि नळी तपासून झाल्याशिवाय एक डॉलरही देऊ नकोस. दस्त्याच्या रेघेवरून फक्त किंमत ठरते. घ्यायची की सोडायची हे चेंबर आणि नळीवरून ठरतं. पुढच्या हंगामात वायोमिंगला जाऊन मोकळ्या माळावर तीनशे-चारशे यार्डांवरून प्राँगहॉर्न (तिकडचं हरणासारखं जनावर) मारायचा बेत असेल तर मात्र हा विचारच सोड आणि नवी बोल्ट अ‍ॅक्शन घे.

मी सांगलीकडे टूलरूममध्ये फिटर म्हणून सुरुवात केली. इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली, त्यातली अठरा वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात गेली. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे इथल्या घराघरांत जुन्या लिव्हर आणि पंप रायफली आहेत आणि सॅव्हेज ९९ माझ्या वर्कबेंचवर नेहमी येते. तिच्यावर माझा जीव आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुला ठरवता येईल.

आधी कायद्याचं उरकू. ग्रीन कार्डवाल्याला रायफल घेता येते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात एलियन नंबर (ग्रीन कार्डवरचा क्रमांक) द्यायचा, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. एच-वन, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलांना एक गोष्ट बहुतेक वेळा माहीतच नसते, ती इथेच लिहितो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे. त्याला थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. अशा कुणी माझ्या किंवा तुझ्या शब्दावर विसंबू नये, आधी वकिलाला विचारावं.

तुझ्या बाबतीत आजी आणि तू दोघंही पेनसिल्व्हेनियाचे रहिवासी, त्यामुळे लांब बंदुकीचा व्यवहार इथे परवानाधारक दुकानदाराशिवायही होऊ शकतो. तरीही दुकानातूनच कर. थोडी फी जाईल, पण कागद राहतो आणि पुढे कधी कुणी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी असतं. आणि तू लिहिताना तिला "अँटिक" म्हणालास. कायद्यात तो शब्द १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकांसाठी आहे. ही त्यात बसत नाही.

आता रायफलीबद्दल. आर्थर सॅव्हेज जमेकात जन्मलेला माणूस. १८९४ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी कंपनी काढली आणि १८९९ मध्ये ही रचना बाजारात आणली. तेव्हा विंचेस्टरची १८९४ची रायफल जोरात होती, आणि लिव्हर अ‍ॅक्शन म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यासमोर तीच येते. तिच्यात काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर दणक्याने पुढच्या काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी फुटायची भीती, म्हणून गोळी चपट्या तोंडाची ठेवावी लागते. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते. शिवाय विंचेस्टरच्या जुन्या ९४ मधून रिकामी पुंगळी वरून बाहेर पडते, त्यामुळे स्कोप सरळ नळीच्या वर बसवता येत नाही.

सॅव्हेजने काडतुसं एका पितळी चकरीत बसवली. आपल्याकडच्या विहिरीवरचं रहाटगाडगं आठव. पोहऱ्यांच्या जागी पाच काडतुसं, प्रत्येकाला आपली खोबण, लिव्हर ओढली की चकरी एक घर पुढे सरकते. टोक टोपीला लागायचा प्रश्नच नाही, त्यामुळे टोकदार गोळी बिनधास्त वापरता येते. घोडा बाहेर दिसत नाही, त्याचं काम बोल्टच्या आतला स्ट्रायकर करतो. माथा बंद आहे आणि पुंगळी बाजूने उडते. डाव्या अंगाला एक बारीकशी खिडकी आहे, तिच्यात किती काडतुसं उरली त्याचा आकडा दिसतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे सगळं एका माणसाला सुचलं आणि कारखान्यात रोज बनवता आलं, याचं मला दरवेळी ती उघडताना नवल वाटतं.

.३०० सॅव्हेज हे काडतूस १९२० चं. १५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी सेकंदाला साधारण २६३० फुटांनी निघते, तेवढ्याच वजनाची विंचेस्टरच्या .३०-३० काडतुसाची गोळी २३९० च्या आसपास. पुढे अमेरिकी लष्कराने छोट्या काडतुसाचे प्रयोग सुरू केले तेव्हा हात घातला तो याच पुंगळीला, आणि त्यातूनच आजचं .३०८ काडतूस उभं राहिलं. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी दोनशे यार्डांपर्यंत यात काही कमी पडत नाही. तू ज्या लॉरेल आणि हेमलॉकच्या दाटीत फिरतोस तिथे तुझी बहुतेक हरणं साठ ते शंभर यार्डांवरच दिसतात, हे तूच लिहिलंयस.

शनिवारी बघायला जाशील तेव्हा काय करायचं ते आता सांगतो.

आधी लिव्हर पूर्ण खाली ओढून रायफल रिकामी आहे याची खात्री कर. डोळ्याने बघ, बोट घालून बघ, खिडकीतला आकडा शून्य आहे का बघ. आजी "रिकामीच आहे" म्हणाल्या तरी बघ. आजोबा गेल्यावर अनेक घरांत भरलेली बंदूक तशीच कोपऱ्यात राहते, मी दोनदा पाहिली आहे.

लिव्हर खाली असतानाच तिच्या पुढच्या गोल जाड भागावर बघ. बारीक छापात एक अक्षर असेल. १९४९ला कंपनीने 'ए' पासून सुरुवात केली, १९५०ला 'बी', १९५१ला 'सी'. तुझ्या धूसर फोटोत मला 'सी' वाटतोय. चिकोपी फॉल्सचा पत्ता त्याच्याशी जुळतो, कारण कारखाना युटिकाहून तिकडे १९४६ मध्ये गेला. १९५१ची असेल तर एक चांगली गोष्ट अशी, की तोवर इथल्या शिकारी काडतुसांतून गंज आणणाऱ्या टोप्या गेल्या होत्या. त्यामुळे नळी सडलेली असण्याचा धोका विसाच्या दशकातल्या रायफलींपेक्षा बराच कमी.

मग नळी. हिचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा) सहज निघत नाही, आणि तू तर तो काढायचाच नाहीस. परत बसवताना चांगल्या-चांगल्यांची भंबेरी उडते. त्यामुळे पांढऱ्या कागदाचा बोटभर तुकडा उघड्या चेंबरच्या तोंडाशी तिरका धर, त्यावर टॉर्च मार आणि समोरून, नळीच्या तोंडातून आत बघ. कागदावरचा उजेड परतून नळीभर पसरतो. चर (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) धारदार दिसले पाहिजेत, म्हणजे त्यांच्या कडा पेन्सिलीने ओढल्यासारख्या चेंबरपासून तोंडापर्यंत अखंड गेल्या पाहिजेत. नुसती राखाडी झाक असेल तर घाबरू नको, वर्षानुवर्षांचं तांबं आणि काजळी असते; घरी आणून दोन दिवस सॉल्व्हंट लावलं की चिंधीवर हिरवट-निळं उतरतं. पण काळे ठिपके दिसले, सुईने टोचल्यासारखे, तर ती गंजाची खड्डी आहे आणि ती जात नाही. थोडी खड्डी असलेली रायफलही हरणापुरती नीट मारते, पण मग ९५० विसर. आणि नळीत कुठेतरी एक अंधारी अंगठी दिसली, तर आत काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी गोळी झाडली आहे आणि नळी फुगली आहे. बाहेरून बोटं फिरवून बघ, कधी कधी हाताला लागतं. अशी रायफल सरळ सोड.

नळीचं तोंड नीट बघ. बोल्ट निघत नसल्याने सत्तर वर्षं ही नळी पुढूनच साफ झाली असणार. लोक लोखंडी गज घालतात आणि तो तोंडाशी एका बाजूला घासत राहतो. तिथले चर झिजून गोल झाले की रायफल कितीही चांगली असली तरी गोळी फाकते. भिंगातून बघ, चर चारी बाजूंनी सारखे दिसतात का, की एका अंगाला पुसट झालेत. आजोबांकडे दोरीवाला ब्रश किंवा पितळी गाइड सापडला तर मला आनंद होईल. असा माणूस बाकीचंही नीट ठेवतो.

आता दस्ता. ९९ ची ही नेहमीची दुखरी जागा. दस्त्याचं लाकूड धातूच्या मागे दोन पातळ पाकळ्यांसारखं येतं आणि बुडातून जाणाऱ्या एकाच लांब बोल्टने आवळलेलं असतं. तो बोल्ट काळाने सैल झाला की प्रत्येक बाराला टँग पाचरीसारखी लाकडात घुसते आणि तिथूनच तडा जातो. तुला दिसलेली रेघ तडा आहे की नुसती पॉलिशची खरड, हे ओळखायला लायटरमध्ये भरतात ते इंधन रुमालावर घेऊन तिथे फिरव. पृष्ठभाग काही सेकंदांत वाळतो. तडा असेल तर तेवढीच एक काळी ओली रेघ मागे राहते. वेल्डिंग तपासायला डाय पेनिट्रंट वापरतात, तसंच हे. ती रेघ कुठवर जाते ते मोज. इंच-दीड इंच असेल तर मी ती इपॉक्सीने जोडतो, टँगच्या मागे कागदाच्या जाडीची फट ठेवतो म्हणजे दणका परत तिथे बसत नाही, आणि बोल्ट आवळतो. पुढे वर्षानुवर्षं काही होत नाही. दस्त्याच्या मुठीच्या बारीक भागात आरपार गेली असेल तर नवा दस्ता लागेल, आणि सॅव्हेजने ही रायफल नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद केली. सुटे भाग बहुतेक वेळा कुठल्यातरी मोडलेल्या ९९चेच.

लिव्हर बंद करताना बोल्टचं मागचं टोक वर चढून रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या धातूच्या पेटीच्या) माथ्याला समपातळीत येतं का बघ. कुलूप तेच आहे. बोल्टचा मागचा भाग वर येऊन रिसीव्हरच्या भिंतीला टेकतो. लिव्हर शेवटी हलकासा ठोका देऊन बसली पाहिजे. ती सैल लोंबत असेल किंवा बोल्ट खाली राहत असेल तर पुढे जाऊ नको. चढवलेल्या अवस्थेत टँगवर, बोल्टच्या मागेच, एक बारीक पिन वर आलेली दिसते आणि चाप ओढला की ती खाली जाते. अंधारात अंगठ्याने कळावं म्हणून ती ठेवली आहे. १९५१च्या रायफलीला सेफ्टी टँगवर नसते, लिव्हरच्या उजव्या बाजूला चापाच्या मागे सरकपट्टी असते. रिकाम्या रायफलीत सेफ्टी लाव, चाप ओढ, सोड, मग सेफ्टी काढ. खटका पडला तर काम निघालं. मग दस्ता गालिच्यावर एकदा हलकेच आपट, तेव्हाही पडता कामा नये.

चकरी तपासायला खरी काडतुसं आणू नको, दुसऱ्याच्या घरात ते बरं दिसत नाही आणि सुरक्षितही नाही. .३०० सॅव्हेजची खोटी काडतुसं माझ्याकडे आहेत, ती घेऊन जा. पाच भर, खिडकीत पाच दिसले पाहिजेत, मग लिव्हर चालव आणि आकडा एकेकाने उतरतो का बघ. एखादं अडलं तर चकरीची स्प्रिंग थकली आहे किंवा आत चिकट वंगण गोठलं आहे. वंगण असेल तर साफ करून चालतं.

आणि राहिलं चेंबर. यात माझे स्वतःचे हात पोळलेत.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात ९९ घेतली. काळीभोर, आरशासारखी. विकणारा म्हणाला एकाच घरातली, जशी आली तशी. रिसीव्हरच्या कडा किंचित गोल झाल्या होत्या, स्क्रूच्या भोकांभोवती धातू बशीसारखा खोलगट दिसत होता, नळीवरची अक्षरं पुसट होती. म्हणजे कुणीतरी बफिंग करून नव्याने ब्ल्यूइंग (गंज रोखणारा काळा-निळा मुलामा) केलं होतं. मला ते दिसलं होतं, तरी मी घेतली, कारण माझ्या मते तो फक्त दिखाव्याचा प्रश्न होता. पहिला बार झाल्यावर पुंगळी हातात घेतली तर तिची मान जवळपास नाहीशी झाली होती, खांदा पुढे सरकला होता आणि बुडाच्या थोडं वर एक चकाकती कडी उमटली होती. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं तर त्या कडीपाशी नखाला खाच लागावी तसं अडकलं. पुंगळी दोन तुकडे व्हायच्या बेतात होती. कुणीतरी चेंबरमध्ये .३०८ चं रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवलं होतं आणि नळीवरचा .३०० चा छाप तसाच ठेवला होता. वरून कीर्तन आतून तमाशा. विकणाऱ्याने हात वर केले. शेवटी दुसऱ्या मोडलेल्या रायफलीची नळी बसवली, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ९९ मध्ये मी आधी गेज घालतो.

तू पुण्याकडे ऑटोमोबाइलमध्ये होतास ना? मग गो आणि नो-गो गेज, म्हणजे माप बरोबर आहे का ते दाखवणारे ठरावीक मापाचे तुकडे, तुला सांगायला नको. इथे तेच आहे. 'गो' गेजवर लिव्हर सहज बंद झाली पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. दोन्हींत फरक इंचाच्या काही हजारांश भागाचा. गेज एक्स्ट्रॅक्टरच्या खाली नीट बसवायचं आणि दोन बोटांनी लिव्हर मिटायची, जोर लावायचा नाही; लिव्हरची तरफ मोठी असल्याने जोर लावला तर गेज खोटं बोलतं. रीमर फिरवलेलं चेंबर नो-गो लगेच पकडतं. त्याच्याही पुढे 'फील्ड' गेज असतं. त्यावरही बंद झाली तर रायफल झाडायची नाही, बस.

आजोबांनी झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या घरात असतील तर मागून घे, फेकायच्याच असतात. खांद्याची ठेवण, बुडाजवळची कडी, टोपीवरच्या ठशाची जागा, हे सगळं त्या रायफलीने स्वतः लिहून ठेवलेलं असतं.

जास्तीच्या भोकांबद्दल थोडं. कारखान्याने माथ्यावर स्कोपसाठी भोकं पाडायला १९५०च्या सुमारास सुरुवात केली. त्यामुळे तुझ्या रायफलीवरची वरची भोकं मूळचीच असू शकतात. डाव्या बाजूला वेगळी भोकं दिसली तर ती नंतरची. त्याने शिकारीत काही बिघडत नाही, पण संग्राहक तिच्याकडे बघणार नाही, आणि ते तुझ्या सोयीचं आहे. दस्त्याला रबरी पॅड लावून तो आखूड केलेला असेल तर तेही तसंच. मूळ दस्ता आपल्यातल्या पुष्कळांना जाड कोटावर लांबच पडतो.

विव्हरच्या स्कोपला किंमत धरू नको. जुन्या चार पॉवरच्या त्या नळ्या मजबूत असतात, पण थंडीतून घरात आणल्यावर आत धुकं धरतं. आणि त्या काळच्या स्कोपमध्ये नेम बसवताना फुली मधून एका बाजूला सरकते. आठवण म्हणून ठेव, शिकारीला नवा साधा स्कोप लाव.

काडतुसांचं खरं सांगतो, कारण बहुतेक लोक इथे चुकतात. .३०-३० कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं. .३०० सॅव्हेज तसं मिळत नाही. हॉर्नडी, रेमिंग्टन वगैरे बनवतात, पण वर्षातून कधीतरी एक खेप निघते आणि हंगामाच्या तोंडावर फळी रिकामी असते. दिसली की दोन-तीन डबे घेऊन ठेवावे लागतात आणि डब्याला .३०८ पेक्षा जास्त पैसे पडतात. रायफलीबरोबर आजोबांचे जुने डबे मिळाले तर त्यांवरचा हिरवा गंज, फुटलेल्या माना बघ आणि शंका असलेली काडतुसं झाडू नकोस. पुढे स्वतः भरायला शिकलास तर पुस्तकातल्या वरच्या आकड्यांच्या मागे लागू नको. ही रायफल मागून लॉक होते, जास्त दाबाने बोल्ट आणि रिसीव्हर किंचित ताणतात आणि पुंगळी लांबते. बरीच बिघडलेली चेंबर्स याच हावेने बिघडली आहेत.

आता ९५०. नळी स्वच्छ, गेज पास, तडा इंचभर, ब्ल्यूइंग मूळचं, भले रिसीव्हरच्या पोटाशी हात धरून धरून पांढरं पडलेलं असो, तर हा आकडा मला वाजवी वाटतो. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करून माग. तो झिजलेला पोटाचा भाग मला तर आवडतो. रायफल समतोल धरून चालायची जागा तीच, म्हणजे माणूस तिला घेऊन जंगलात चालला आहे. चकाकी बघून जास्त पैसे देऊ नकोस. खड्डी असेल तर बरंच खाली ये. चेंबरमध्ये गडबड निघाली तर फुकटही नको, आणि तसं निघालं तर ते आजींनाही समजावून सांग, म्हणजे त्या नकळत दुसऱ्या कुणाला विकणार नाहीत.

उलटंही लक्षात ठेव. नळीवर .३०० ऐवजी .२५०-३००० किंवा .३५८ निघालं, किंवा रायफल खूपच कोरी निघाली, तर ती संग्राहकाची वस्तू आहे आणि ९५० कमी आहेत. तसं असेल तर आजींना सांग. त्यांना माहीत नसल्याचा फायदा घेणं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. तू शेजारी आहेस, रोज तोंड दिसायचं आहे.

नवी बोल्ट अ‍ॅक्शन की ही, या तुझ्या मूळ प्रश्नावर परत येतो. स्वस्तातली नवी बोल्ट अ‍ॅक्शनसुद्धा कागदावर हिच्यापेक्षा गोळ्या जवळजवळ पाडेल, भिजली तरी फारशी चिंता नाही, काडतूस कुठेही मिळेल, आणि बिघडली तर कंपनी आहे. ९९ तिच्या दोन तुकड्यांच्या लाकडामुळे आणि नळीला स्क्रूने धरलेल्या पुढच्या लाकडामुळे जरा लहरी असते. नळी तापली की गोळी सरकते. थंड नळीतून शंभर यार्डांवर तीन गोळ्या दोन इंचांत आल्या तरी मी समाधानी असतो. हरणाच्या छातीला तेवढं पुष्कळ झालं. तिच्या बाजूने काय? लिव्हर ओढताना डोळा स्कोपवरून हलत नाही. ती चपटी आहे, बोल्टची मूठ झुडपात अडकत नाही. सव्वासात पौंडांच्या आसपासचं तिचं वजन दोन हातांच्या बरोबर मध्ये येतं आणि दिवसभर चढ-उतारावर जाणवत नाही. दुसरा बार लवकर लागतो. दाट जंगलात हे सगळं कामाचं आहे. म्हणून तपासण्या पास झाल्या तर तुझ्यासाठी, तुझ्या जागेसाठी, मी हिचंच नाव घेईन.

एकच सवय नवी लावावी लागेल. चकरी बाहेर निघत नाही, त्यामुळे रिकामी करायची तर प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरमधून चालवून बाहेर काढावं लागतं. गाडीत भरलेली रायफल ठेवणं इथे बेकायदा आहे, म्हणजे रोज संध्याकाळी गारठलेल्या बोटांनी हे करायचं आहे. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर, खिडकीत शून्य येईपर्यंत. घरी गोठलेल्या हातमोज्यांत दहा-वीस वेळा खोट्या काडतुसांनी सराव कर. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, घरात बघून शिकण्याची सोय आपल्या पिढीला राहिली नाही. इथल्या मुलांना जे बारा वर्षांचे असताना आजोबांच्या हाताखाली येतं, ते आपल्याला चाळिशीत मुद्दाम गिरवावं लागतं. हंटर-ट्रॅपर कोर्स (शिकाऱ्यांसाठीचा शिक्षणवर्ग) तू केला आहेसच. रायफल घरात आली की कुलूपबंद कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात, हे पहिल्या दिवसापासून. तुझी मुलगी लहान आहे.

शनिवारी जाताना टॉर्च, भिंग, पांढरा कागद, रुमाल आणि लायटरचं इंधन घेऊन जा, आणि दस्त्याच्या बुडाची पट्टी काढायला नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर. आजींना विचारूनच काढ. बाकी सगळं ठीक वाटलं तर त्यांना सांग की गेज लावून झाल्यावर पैसे देतो, आणि त्यांची हरकत नसेल तर आजींच्या मुलालाच रायफल घेऊन यायला सांग. रविवारी दुपारी मी दुकानातच आहे, तिन्ही गेज काढून ठेवतो.